टी-शर्टच्या बदल्यात यादी

"अगं, तुझ्या नवऱ्यानं माझ्या नातीचं वजन अख्ख्या शिळफाट्याला सांगितलं!"

काकूंचं असंच. चहा झाला का, पाणी आलं का, असली प्रस्तावना नाही. दोन घरांमधल्या भिंतीवर परात टेकवायची, परातीत मोड आलेले कडवे वाल, आणि एकेका वालाची साल चिमटीनं उडवत थेट मुद्द्यावर यायचं. भिंत कमरेएवढी आहे. ती उंच करायचा विषय दर दिवाळीला रंगकामाच्या वेळी निघतो आणि काकू नि मी मिळून तो हाणून पाडतो.

"चोपन्न किलो सातशे ग्रॅम," काकू म्हणाल्या. "सकाळी दूधवाला मला सांगतोय, काकू, तीनशेच ग्रॅम शिल्लक आहेत, पोरीला जपून जेवायला घाला."

दूधवाल्याचं गणित बरोबर होतं. कबड्डीच्या किशोरी गटात वय १६ च्या आत आणि वजन ५५ किलोच्या आत लागतं. काकूंची नात दहावीला आहे, कोपऱ्यात खेळते, चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरला की सोडत नाही. आमचे हे गावच्या मंडळाचे सेक्रेटरी. निवड चाचणीला जाणाऱ्या मुलींची यादी त्यांनीच केली. नाव, जन्मतारीख, वजन, शाळा, मुलीचा आणि पालकांचा मोबाइल, आधार क्रमांक. रकाने आखून, वळणदार अक्षरात. मग त्या पानाचा फोटो काढून तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपात खेळाडू आहेत, पालक आहेत, शिवाय वर्गणीदार, मंडपवाला, डीजेवाला, निवडणुकीला पडलेले उमेदवार आहेत आणि दूधवालाही आहे.

"पोरींना हुरूप यावा म्हणून टाकली असेल हो," मी उगाच बाजू घेतली.

"हुरूप आला ना! भलत्यांनाच आला." काकूंनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली घेतला. "परवापासून पोरीच्या फोनवर मेसेज येतायत. रात्री अकराला. 'हाय', 'ओळखलंस का', 'डीपी मस्त आहे'. नंबर अनोळखी. पोरगी दोन दिवस फोन उशीखाली घालून झोपते. सरावाला जात नाही म्हणाली, तेव्हा कुठं तिच्या आईला कळलं."

यावर बाजू घेण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

"आणि मला वेगळेच फोन," काकू पुढं म्हणाल्या. यादीत पालकांचा नंबर म्हणून काकूंचा होता, कारण सून कंपनीत पाळीवर असते. "मॅडम, कर्जतला रिव्हर टच एनए प्लॉट आहे, विमानतळ झालाय, भाव दुप्पट होणार. मी म्हटलं, बाबा, मी शिळफाट्याला राहते, मला कशाला कर्जतला प्लॉट? तर म्हणतो, अहो मग डोंबिवलीहून लोकल पकडली की झालं!"

आम्ही दोघी हसलो. आमच्या शिळफाट्याचं हे जुनं दुखणं आहे. आम्ही खोपोलीचे, घाटाच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. पण शिळफाटा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंब्रा-कल्याणकडचा ट्रॅफिक जॅम उभा राहतो. कुरिअर तिकडे जातं, पाहुणे तिकडे उतरतात.

"म्हणजे बघ," काकू म्हणाल्या, "माझा नंबर ठाऊक, नातीचं वय ठाऊक, ती कुठल्या शाळेत जाते ते ठाऊक. मी राहते कुठं, तेवढं मात्र ठाऊक नाही."

प्लॉटवाल्याचा फोन फक्त काकूंना आला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्याच आठवड्यात मंडळाच्या क्रिकेट संघातल्या पोरांनाही तेच फोन आले. बाइकमध्ये पेट्रोल टाकायला जो मित्राकडे हात पसरतो, त्याला साइट व्हिजिटला बोलावून सातबारा दाखवणार म्हणे. पोरांनी खूप मजा घेतली. एकानं तर दोन प्लॉट बुक करतो म्हणून सांगितलं आणि त्यांच्या गाडीतून फिरून, जेवून परत आला. पण सगळ्यांचे नंबर एकदम एकाच माणसाकडे गेले कसे, हे कोडं काही पोरांना सुटत नव्हतं. काकूंनी ते वाल सोलता सोलता सोडवलं.

"यंदा टी-शर्ट कुणी दिले?"

टी-शर्ट दिले होते प्लॉटवाल्यानं. छातीवर त्याच्या फर्मचं नाव, पाठीवर खेळाडूचं नाव नि नंबर. साइज कळावी म्हणून त्यानं यादी मागितली. साइज म्हणजे एम, एल, एक्सएल, एवढंच हवं होतं. आमच्या यांनी अख्खी फाइल पाठवली, क्रिकेटवाल्यांची आणि कबड्डीच्या मुलींचीही.

ती फाइल मी पाहिली आहे, म्हणून सांगते. सध्या आपल्याकडे भात निघालं, शेतं मोकळी झाली की प्रकाशझोतातल्या टेनिस क्रिकेटचं पीक येतं. त्यात आता लिलाव आला आहे. संघमालक खुर्च्यांवर बसतात, पडद्यावर एकेका खेळाडूचं पान येतं आणि बोली लागते. त्यासाठी मोबाइलवर फॉर्म भरून घेतात. एका पोराचं पान असं: वर गॉगल लावलेला फोटो, खाली नाव, उजव्या हाताचा फलंदाज, मूळ किंमत, मोबाइल, जन्मतारीख, रक्तगट, टी-शर्टची साइज, आधारची पुढची बाजू, आधारची मागची बाजू, पॅन क्रमांक, आणि वैवाहिक स्थिती: अविवाहित.

"पॅन कशाला?" काकू म्हणाल्या. "सहा षटकांच्या मॅचला इन्कम टॅक्स लागतो का? आणि वैवाहिक स्थिती? बायको असली की चेंडू कमी उडतो?"

मी यांना तेच विचारलं होतं. पोरांनी दुसऱ्या कुठल्याशा फॉर्मची नक्कल मारली, त्यातले रकाने तसेच राहिले. काढले का नाहीत, यावर उत्तर एकच, "असू दे, लागलं तर." गावोगावच्या मंडळांचा कारभार 'लागलं तर' या दोन शब्दांवर चालतो. लागलं तर म्हणून झेरॉक्स घ्यायच्या, लागलं तर म्हणून ठेवायच्या. आमच्या दिवाणात पांघरुणांच्या जागी दर हंगामाच्या झेरॉक्सचे गठ्ठे आहेत, सुतळीनं बांधलेले. पाहुणे आले की मी गोधड्या काढायला जाते आणि हाताला आधार कार्डं लागतात.

एवढ्यात पी.टी.चे सर आले. सर निवृत्त आहेत, पण गळ्यातली शिट्टी अजून निवृत्त झालेली नाही. रोज फिरून परतताना ते आमच्या भिंतीशी थांबतात. काकूंनी त्यांना सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकवली, वजनासकट.

"आधारचं कारण मी सांगतो," सर म्हणाले. "आपल्या स्पर्धा 'एक गाव एक संघ' असतात. बाहेरचा भारी बोलर आणून खेळवला की मैदानात भांडणं. म्हणून पत्ता बघायला आधार मागतात."

"बघायला ना? मग बघावं आणि द्यावं परत. दिवाणात कशाला कोंबायचं?"

सर हसले. ते म्हणाले, पत्ताच बघायचा असेल तर झाकलेलं आधार मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात नि पत्ता पुरता दिसतो. वयासाठी तर आधार घेऊच नये. तो जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार देणाऱ्या प्राधिकरणानंच सांगितलं आहे. आपल्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला येतो, तो काय उगाच? वयासाठी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला बघावा.

मला २०२२ चा मे महिना आठवला. तेव्हा आधारच्या बंगळुरूच्या कार्यालयानं पत्रक काढलं होतं, की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. दोन दिवसांत केंद्र सरकारनं ते मागं घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. नेहमीची काळजी घ्या, एवढंच सांगितलं. नेहमीची काळजी म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. आमच्याकडे ती सुतळीपर्यंत येऊन थांबली.

"पण सगळंच जाळून टाका असं मी म्हणणार नाही," सर म्हणाले, आणि इथं मात्र त्यांचं ऐकण्यासारखं होतं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यात बोगस प्रमाणपत्रांची इतकी भर पडली, की आता प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. सरांकडे आठ-आठ वर्षांपूर्वी खेळलेली पोरं येतात, सर, त्या वर्षीच्या संघात मी होतो ना, कुठं लिहिलंय का? संघाची यादी, स्पर्धेचा निकाल, गुणपत्रक जपून ठेवलंच पाहिजे. मंडळ नोंदणी झालेलं असेल तर सभासदांची नोंदवही ठेवावी लागते, ती वेगळीच.

"आणि घरचा नंबरही घ्यावा," सर पुढं म्हणाले. "२०२३ च्या एप्रिलात गोरेगावच्या ढोल-ताशा पथकाची बस आपल्या घाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ दरीत गेली. तेरा जणांचा जीव गेला. कार्यक्रम करून परत चाललेली पोरं होती ती. तेव्हापासून मी संघ गाडीत बसवताना प्रत्येकाच्या घरचा नंबर, रक्तगट, दमा किंवा फिट येते का, हे एका कागदावर लिहून घेतो. तो कागद माझ्या खिशात. पोरं घरी पोचली की फाडतो."

घाटाचं नाव निघालं की शिळफाट्याला सगळेच गप्प होतात. काकूंनीही सोललेले वाल एका बाजूला सारले. मग म्हणाल्या, "हे बरोबर. घेतलं कशाला, ठेवलं किती वेळ, फाडलं कधी, तिन्ही ठाऊक."

हे आमच्या खिडकीतून ऐकत होते. चहाचा कप घेऊन बाहेर आले. "काकू, मी काही लपवलं का? ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना कळतं. आपला कारभार पारदर्शक आहे."

"पारदर्शक?" काकूंनी वाल खाली ठेवला. "मग टी-शर्टवाल्यानं रोख किती दिले, ते टाकलंस का ग्रुपवर? डीजेचं बिल टाकलंस? गेल्या वर्षीच्या जमाखर्चाचा फोटो काढलास? हिशेब तुझ्या कपाटात कुलपात, आणि पोरींची वजनं चव्हाट्यावर! हा कुठला रे पारदर्शकपणा?"

यांचा चहा तसाच राहिला. मला विचाराल, तर मंडळांच्या कारभारावर याहून नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. जे सगळ्यांनी पाहायला हवं ते कुलपात असतं आणि जे कुलपात हवं ते ग्रुपवर असतं.

"पण पालकांची संमती घेतली होती," हे पुटपुटले, आणि खरोखरच आत जाऊन संमतीपत्र घेऊन आले. काकूंच्या सुनेची सही होती. वरती मजकूर असा: माझी मुलगी स्वतःच्या जबाबदारीवर खेळत असून तिला दुखापत झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही. संपलं. फोटोचं नाही, नंबराचं नाही, कुणाला देणार त्याचं नाही. मंडळ संमती मागतं ती हातपाय मोडले तर आपली मान सुटावी म्हणून.

आता माझ्या भाच्याला मध्ये आणते, कारण त्याच्याशिवाय पुढचं मला कळलं नसतं. तो आइंडहोव्हनला असतो, रविवारी मराठी पोरांबरोबर क्रिकेट खेळतो. फोनवर त्याला टी-शर्टची गोष्ट सांगितली तर म्हणाला, मामी, हे इकडे होऊन गेलंय, आणि साध्यासुध्या मंडळात नाही. नेदरलँड्सच्या टेनिस संघटनेनं २०१८ मध्ये आपल्या लाखो सभासदांची नावं-पत्ते दोन प्रायोजकांना पैसे घेऊन दिले. एकानं टपालानं जाहिराती पाठवल्या, दुसऱ्यानं घरोघर फोन लावले. लोक चिडले, तक्रारी गेल्या आणि २०२० च्या मार्चमध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणानं संघटनेला ५ लाख २५ हजार युरो दंड ठोठावला. तेव्हाच्या भावानं चार कोटी रुपयांच्या वर.

"मग भरले?" मी हे भिंतीशी सांगितलं तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न.

कोर्टात गेले. पार युरोपच्या न्यायालयापर्यंत. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या न्यायालयानं सांगितलं, की संघटनेचा धंद्याचा हेतू होता एवढ्यावरूनच ते बेकायदा ठरत नाही, पण माहिती दिल्याशिवाय खरोखरच भागत नव्हतं का, हे तपासावं लागेल. आणि सभासदांना आधी कळवून विचारता आलं असतं की.

"एवढंच तर मी म्हणतेय," काकू म्हणाल्या. "तेवढ्यासाठी युरोपच्या कोर्टात कशाला जायचं? भिंतीशी येऊन विचारायचं होतं."

आपल्याकडेही कायदा झाला आहे. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढं अठरा महिने दिलेत, म्हणजे मे २०२७. माहिती ज्या कामासाठी मागितली त्याच कामासाठी वापरायची. संमती घेताना कशासाठी, ते समजेल अशा भाषेत सांगायचं. माणसानं संमती मागं घेतली, काम संपलं, की पुसून टाकायचं. आणि १८ च्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर आईबापाची संमती, तीही खात्री करून. मंडळ लहान आहे, हौशी आहे, नफा कमवत नाही, म्हणून आपोआप सूट नाही.

यांनी लगेच पळवाट काढली. "कायदा डिजिटल माहितीचा. माझी तर वही आहे!"

"वही कायद्याबाहेर," सर म्हणाले. "वहीचा फोटो काढलात, तिथं आत आलात."

दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे, हे मी सांगितलं तेव्हा काकू इतक्या हसल्या की परात हलली. "अडीचशे कोटी? मंडळाकडं अडीचशे खुर्च्या नाहीत! त्यातल्या चाळीस माझ्या भावाच्या लग्नात मोडल्या." अर्थात एवढा दंड काही कुणी गावच्या मंडळाला करायला येणार नाही, चुकीचं स्वरूप बघूनच तो ठरतो. पण त्या पोरीच्या फोनवर रात्री अकराला 'हाय' पाठवणारा काही २०२७ च्या मेची वाट बघत बसला नव्हता.

ग्रुपवरची यादी पुसायचा प्रयत्न यांनी केला. अडीच दिवस उलटून गेले की 'सगळ्यांसाठी डिलीट' चालत नाही. आणि काढता आली असती तरी ज्यांनी फोनमध्ये उतरवून घेतली त्यांचं काय करणार? प्लॉटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, साहेब, टी-शर्ट फुकट असतात का? खरंखोटं सोडा, पण व्यवहार काय झाला होता ते त्याला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं. मुलीच्या आईनं मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांत अर्ज दिला. सर सोबत गेले. पोरगी सरावाला परत जाऊ लागली, नंबर बदलून.

"पण मग नातीचं नावच कुठं छापायचं नाही का?" यांनी शेवटी जरा फुरंगटून विचारलं.

"छाप की! तिनं किती पकडी केल्या ते 'कृषीवल' पेपरात फोटोसकट छापून आण, मी कात्रण फ्रेम करून लावते. पोरं मोबाइलवर स्कोअर टाकतात, तोही टाका. मैदानात केलं ते चारचौघांचं. वजन पंचाच्या काट्यावर, नंबर आईकडे, आधार पाकिटात."

रविवारी मंडळाची सभा झाली. काकू सभासद नाहीत, तरी पहिल्या रांगेत बसल्या. पॅन आणि वैवाहिक स्थितीचे रकाने गेले. आधार बघून परत द्यायचं, झेरॉक्स घ्यायची नाही. १८ च्या आतल्या खेळाडूंचा स्वतःचा नंबर यादीत नको, पालकांचा घ्यायचा, आणि यादी सेक्रेटरी नि प्रशिक्षक या दोघांकडेच. प्रायोजकाला साइजचे आकडे द्यायचे, माणसं नाहीत. संघाच्या याद्या नि निकाल मात्र कपाटात कायम, सरांच्या आग्रहानं. जमाखर्च दर तीन महिन्यांनी ग्रुपवर टाकायचा, या ठरावाला दोघांनी विरोध केला. त्यातले एक आमचे हे. ठराव मंजूर झाला.

तेव्हा आमच्या मंडळाकडून कुठल्याही हंगामात खेळलेल्या सगळ्यांना विनंती आहे. आपल्या आधार-पॅनच्या झेरॉक्स दिवाणात वर्षवार बांधून ठेवल्या आहेत. संध्याकाळी सहानंतर घरी कुणी ना कुणी असतं. येऊन आपापल्या घेऊन जाव्यात. एप्रिलअखेर उरतील त्या काकू आणि मी स्वतः फाडणार आहोत.